बायजाबाईनं चोर ओळखला

बायजाकाकी आमची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये निवडुंगाचं कुंपण आहे, आणि त्या कुंपणावरून तिनं मला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या माझ्या सख्ख्या सासूनंही घातल्या नसतील. हे आधीच सांगून टाकते, कारण म्हातारी, विधवा, निरक्षर असं म्हटलं की वाचणाऱ्याचे डोळे लगेच पाणावतात. पाणावू नका. बिचारी ती कधीच नव्हती.

आमचं गाव पडघ्याहून आत. पूर्वी चारी बाजूंनी भातखाचरं होती, आता चारी बाजूंनी गोदामांचे निळे पत्रे आहेत. बायजाकाकीचा नवरा लडकू तापानं गेला तेव्हा मुलगा पंढरी रांगत होता. दिरांनी जमिनीवर डोळा ठेवला, तर ही कोयता घेऊन बांधावर बसली. पुढं गोदामासाठी जमीन बघायला दलाल आला, त्याला तिनं पाणी न विचारता भर उन्हात अंगणात उभा ठेवला, आणि सौदा झाला तो तिनं म्हटलेल्याच किमतीला. अर्धी जमीन दिली, अर्धी राखली. घराच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असायच्या. सून वैशाली गोदामात पॅकिंगच्या कामाला लागली, पगार आणू लागली, तरी चहात साखर किती पडायची ते सासूच ठरवायची.

दुसऱ्याची फजिती हा तिचा जीव की प्राण. वरच्या आळीतल्या धोंडूबाईला एकदा रस्त्यात दोघांनी अडवलं. आम्ही पोलीस आहोत, पुढं खून झालाय, दागिने काढून रुमालात बांधून घ्या, म्हणाले, आणि त्यांनीच बांधूनही दिले. घरी येऊन रुमाल सोडला तर आत दगड. बायजाकाकी तिला भेटायला गेली, तिच्याच घरचा चहा प्याली आणि उठताना म्हणाली, "अगो, आता दगडच घाल हातात. वजनाला तर बरं हाय." ते वाक्य गावानं पुढं किती दिवस वापरलं! धोंडूबाई विहिरीवर यायची बंद झाली.

मग होळीनंतरच्या एका दुपारी बायजाकाकीची पाळी आली. आमच्याकडं दुपारी गाव रिकामं असतं. बाप्ये आणि सुना गोदामात, रात्रपाळी करून आलेली पोरं पंख्याखाली मेल्यासारखी झोपलेली, आणि ओट्यावर फक्त म्हातारी माणसं. ही वेळ चोरांना आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असते. दोघे आले. एक उतारवयाचा, एका डोळ्यात फूल पडलेला, हिंदी बोलणारा. दुसरा नुसता पिशवी धरून. भांडी चमकवायची पावडर आहे, फुकट करून दाखवतो, म्हणाले. फुकट म्हटल्यावर बायजाकाकीला कुठलं राहवतंय? आधी तांब्याचा हंडा काढला. तो लखलखीत झाला. मग किल्ल्यांचा चांदीचा छल्ला दिला, तोही झाला. मग स्वतःच कपाट उघडून तिनं आपली बोरमाळ, पाटल्या आणि वैशालीचं मोठं मंगळसूत्र आणलं. कामावर सोनं घालून येऊ देत नाहीत म्हणून वैशाली ते घरी ठेवून जायची. म्हाताऱ्यानं सगळं एका डब्यात घातलं, वर हळदीचं पाणी ओतलं, झाकण लावलं आणि सांगितलं, "अम्मा, गॅस पे रखो, उबलने के बाद खोलना." पाणी उकळलं. डब्यात फक्त हळद होती.

वैशालीनं आरडाओरडा केला नाही, आणि ते मला जास्त भयंकर वाटलं. तिनं सासूच्या कमरेच्या किल्ल्या सोडवून घेतल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना घराला कुलूप घालायला लागली. म्हातारी बाहेर, ओटीवर. जवळ पाण्याचा पितळी तांब्या, जेवणाचा डबा आणि एक ताट. लघवीला परसात जायचं, ऊन आलं की खांबामागं सरकायचं. मी एकदा म्हटलं, अगं, निदान मधल्या खोलीत तरी बसू दे. तर वैशाली म्हणाली, "मावशी, आत बसवून काय राखायला सांगू? त्या स्वतःहून उचलून देतात." इतक्या वर्षांची साखर ती एका वाक्यात वसूल करत होती.

पंढरी आईला कधी बोलला नव्हता, आता आईसाठीही बोलला नाही. नातू विशाल, जो रात्रपाळी करतो, त्यानं तिला 'पॉलिश आजी' नाव ठेवलं आणि आठवड्याभरात गावातली शेंबडी पोरंही तेच म्हणायला लागली. आणि धोंडूबाई? ती मुद्दाम वाट वाकडी करून काकीच्या ओटीवरून जायची आणि जाताना विचारायची, "काय गो बायजा, डबा उकळला का?"

त्यात पोलिसांची सभा आली. आसपास अशा चोऱ्या वाढल्या म्हणून हवालदार देवळात येऊन माहिती देऊन गेले. सांगितलं ते सगळं शहाण्यासारखंच होतं. अनोळखी माणसाला दार उघडू नका, खिडकीतून बोला. ओळखपत्र मागा, पण कार्ड खोटंही असतं हे ध्यानात ठेवा. पॉलिश, भिशी, देवाचा अंगारा, कशाच्याही नावाखाली सोनं अंगावरून काढू नका. संशय आला तर एकशे बाराला फोन लावा, शेजाऱ्याला हाक मारा. आणि माणूस सापडलाच तर त्याला हात लावू नका, बसवून ठेवा, आम्ही येतो. मग ते म्हणाले, "आजी, तुम्ही उठा. कशा फसलात ते सगळ्यांना सांगा."

काकी उठली. त्या पहिल्या सभेत ती अडखळत बोलली. डब्यात हळदच निघाली इथपर्यंत आली तेव्हा बायका हसल्या, धोंडूबाई सगळ्यात मोठ्यानं. पण साहेबांना ते पसंत पडलं. पुढं शेजारच्या गावी, मग अंबाडीच्या बाजूला सभा झाल्या तिथंही पंढरी तिला गाडीवर बसवून घेऊन गेला, कारण पोलिसांना मदत केली तर सोनं लवकर सापडेल अशी त्याची समजूत होती. सांगून सांगून काकीची कथा पक्की झाली. डबा कसा धरला, झाकण कसं लावलं, हात कसे केले, सगळं ती करून दाखवायची. बाहेरच्या गावी लोक ऐकायचे. घरी मात्र परत ओटी.

सभेनंतर आमच्या गावातला कुणाल उठला होता. हा पोरांचा पुढारी, वाढदिवसाला स्वतःचेच बॅनर लावणारा. तो म्हणाला, "फोन लावून गाडी येईपर्यंत चोर नाशिकला पोचेल. आपलं आपण बघायचं. संशय आला की ताट वाजवायचं. ताट ऐकलं की सगळ्यांनी हातातलं टाकून यायचं." टाळ्या पडल्या. हवालदारांनी जे सांगितलं त्यातलं दार आणि कार्ड गावानं लक्षात ठेवलं. हात लावू नका, हे कुणाच्या कानात शिरलंच नाही.

देवेश आला तो असाच भर दुपारी. गरम पाण्याची कुंडं असलेल्या अकलोलीचा पोरगा, विशालपेक्षा थोडा मोठा. एका कंपनीची भांड्यांची पावडर दारोदार विकायचं काम त्याला नुकतंच लागलं होतं. गळ्यात कार्ड, पाठीवर पिशवी. आधी त्यानं काकीकडं पाणी मागितलं. "आजे, पानी दे गो जरा, लय ऊन हाय." काकीनं दिलं. मग तो ओटीच्या पायरीवर बसला आणि तिचाच पितळी तांब्या घेऊन त्यावर पावडर चोळायला लागला. अर्धा तांब्या चकचकीत झाला. "बघ आजे, कसा झाला!" म्हणून त्यानं तो तिच्यापुढं धरला.

तिनं डब्याखालचं ताट घेतलं आणि वाजवलं.

मी तेव्हा पडघ्याला बाजारात होते. परत येईस्तोवर अर्धं गाव आमच्या अंगणात होतं आणि देवेश विजेच्या खांबाला बांधलेला होता. झोपेतून उठून आलेली पोरं, डोळे लाल, कुणाच्या हातात दांडकं, विशालच्या हातात पाइप. देवेश कार्ड दाखवत होता. कुणाल म्हणाला, "कार्ड चोरपन बनवतात, साहेबांनी सांगितलंय." देवेश ओरडत होता, "मी अकलोलीचा हाय रे! कुंडाजवळ माझ्या बायकोची शेंगांची गाडी हाय, कुनालाबी इचारा!" आपल्यासारखं बोलतोय, निदान एक फोन करा, असं मी म्हटलं. त्यावर कुणीतरी म्हणालं की हे लोक बोलीसुद्धा शिकून येतात. मी एकशे बाराला फोन लावला. माझ्या आधी कुणीच लावला नव्हता. गाडी आली तेव्हा त्याची मान खाली पडलेली होती.

आणि बायजाकाकी? ती ओटीवर उभी होती, पदर खोचून. जो येईल त्याला सांगत होती, "मना तवाच कललं! पानी मागितला ना, तवाच कललं!" धोंडूबाई तिच्या शेजारी उभी राहून माना डोलवत होती. काकीचा चेहरा असा उजळलेला मी होळीपासून पाहिला नव्हता. मला तिची किळस आली, हे मी लपवत नाही.

संध्याकाळी देवळाच्या लाउडस्पीकरवरून तिचं कौतुक झालं. कुणालनं तिचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आमच्या गावाची वाघीण'. वैशालीनं स्वतः होऊन किल्ल्या आणल्या आणि सासूच्या हातात दिल्या. म्हणाली, "आई, चुकलं माझं." काकीनं किल्ल्या कमरेला लावल्या आणि वैशालीला चहा टाकायला सांगितला. साखर तिनं स्वतः घातली.

सकाळी सरकारी दवाखान्यात देवेश वारला.

दुपारपर्यंत पोलिसांनी सगळं शोधून काढलं. शोधायला होतंच काय? कंपनी खरी, कार्ड खरं, कुंडाजवळची शेंगांची गाडीही खरी. पिशवीत पावडरच्या पुड्या आणि बायकोनं बांधून दिलेली भाकरी, तेवढंच. कुणाल आणि विशालला उचललं. गावाला एका रात्रीत आंधळेपण आलं. कुणी मारलं? कुणी पाहिलं नाही. कुणी बांधलं? माहीत नाही. ताट मात्र बायजाबाईनं वाजवलं, हे सगळ्यांनी न विचारता सांगितलं. धोंडूबाईनं तर दोनदा सांगितलं.

पंढरीनं एका वकिलाला गाठलं. वकील काय म्हणाला ते मला शब्दशः माहीत नाही, पण पंढरीनं घरी येऊन त्याचा अर्थ असा लावला: मेलेला माणूस साधा विक्रेता ठरला तर पोरं खुनी. तो आधीचा सोनं नेणारा चोर ठरला तर लोकांचा राग समजून घेता येतो, केस हलकी होते. आणि तो चोर ठरवणारं जगात एकच माणूस आहे.

आयुष्यात आईसमोर मान वर न केलेला पंढरी तिच्या पायाशी बसला. "आये, तू फक्त बोल. तोच व्हता म्हन." वैशाली म्हणाली, "आई, तुमच्या एका शब्दावर विशालचं आयुष्य हाय." ती हे रडत म्हणाली आणि ते रडणं खरं होतं. आपलं पोर तुरुंगात असलं की कुणाचंही रडणं खरंच असतं.

जबाबाला जाताना बाईमाणूस सोबत हवं, म्हणून काकीनं मला बोलावलं. वैशाली होतीच, पण ती रिक्षात पुढं चालकाशेजारी बसली. मागं काकी आणि मी. मी तिला सरळच विचारलं, "काकी, तोच होता का?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "तोच कसा आसंल? तो म्हातारा व्हता. डोल्यात फूल. हिंदी बोलायचा. ह्यो तर पोर व्हता."

"आणि पिशवी धरणारा?"

"तो काला, जाडा. ह्यो न्हाय गो."

"मग ताट कशाला वाजवलंस?"

तिनं तोंड बाहेर वळवलं. मग म्हणाली, "वाजवला नसता आन् तोबी चोर निंगाला असता तर? तू माझ्या ओटीवर बसून बघ यक दिस."

"आता काय सांगणार आहेस?"

"नातू माझा हाय," ती म्हणाली. "आन् मी पुन्ना येडी ठरू काय? सगल्या गावात?"

हे बोलणं मी नंतर माझ्या जबाबात जसंच्या तसं लिहून दिलं. तेव्हापासून गावात आम्हाला कुणी हळदीला बोलवत नाही. न बोलवोत. हळदीच्या जेवणानं दुसऱ्या दिवशी तसंही पोट बिघडतं.

पोलीस ठाण्यात बाकावर देवेशची बायको बसली होती. रूपा तिचं नाव. सोबत तिचा दीर. काकी दिसल्याबरोबर ती उठली आणि वाकून तिच्या पाया पडली. काकी मागं सरकली, मागं भिंत होती.

"आजे, तूच बोललीस ना त्याच्याशी?" रूपा म्हणाली. "तू पानी दिलंस, मना सांगितलं लोकांनी. तेवढा सांग त्यांना. तो चोर न्हवता, येवढाच सांग. माझ्या गाडीवर दोन दिस झाले गिऱ्हाईक येत न्हाय. चोराची बायको बोलतात मना."

मला वाटलं, आता ही विरघळेल. बांधावर कोयता घेऊन बसलेली बाई, तिलाही तरणेपणी नवरा गेला होता, दिरांनी तिलाही नको नको ते म्हटलं होतं. मी खरंच तशी आशा केली, आणि त्या आशेचा मला आजही राग येतो.

सभेतले नव्हे, दुसऱ्याच हवालदारांनी टेबलावर फोटो ठेवला. दवाखान्यातला. तो बघवत नव्हता. "आजी, नीट बघा. ह्या माणसाला ओळखता?"

काकीनं फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"ह्योच," ती म्हणाली.

एवढ्यावर ती थांबली असती तर मी म्हटलं असतं, नातवासाठी जीभ चाचरत बोलली. पण ती थांबली नाही. सभेत सांगायची तशी सगळी कथा तिनं सांगितली, फक्त म्हाताऱ्याच्या जागी देवेशला उभा केला. "ह्यानीच हंडा घासला. ह्याच हातानी माझी बोरमाल घेतली. असा डबा धरला, असा झाकन लावला." हात करून दाखवले. कुठं अडखळली नाही. हवालदार लिहीत होते. वैशालीनं डोळे मिटून घेतले होते.

रूपा म्हणाली, "कवा? कवा आलता तो?"

"होली झाल्यावर."

"होलीनंतर तो वीटभट्टीवर व्हता, साहेब! पावडरचा काम तर आता लागला!"

"बाई, तुमचा जबाब वेगळा घेऊ," हवालदार म्हणाले. मग त्यांनी पेन थांबवलं. "आजी, हाच होता म्हणता. मग सोनं कुठं गेलं? त्याच्या घरी बघावं लागेल."

ही गोष्ट ना पंढरीच्या ध्यानात आली होती, ना वैशालीच्या. चोर ठरवला की त्याच्याकडं चोरीचा मालही असायला हवा. रूपालाच ते सगळ्यांच्या आधी कळलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि त्यातून आपलं मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. काळे मणी आणि दोन बारीक वाट्या. नवरा गेल्यावर बायकांनी गळ्यातून उतरवलेलं, तिनं पदरात बांधून ठेवलेलं.

"घरात सोना येवढाच हाय," ती म्हणाली. "माझ्या आईनी दिलेला. घे आजे, हातात घे. तुझा हाय का सांग."

काकीनं ते हातात घेतलं. वैशालीचं मंगळसूत्र मोठं होतं, ठसठशीत, सगळ्या गावानं पाहिलेलं. हे त्याच्या पाव भागाचंही नव्हतं. नाही म्हणायला तिला काहीच जड नव्हतं. नाही म्हटलं असतं तरी विशालचं त्यात काही जात नव्हतं. तिनं वाट्या बोटानं उलट्या करून पाहिल्या, वैशालीकडं पाहिलं, हवालदारांकडं पाहिलं. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"मोडून नवा केल्यासारका दिसतंय," ती म्हणाली.

हवालदारांनी मंगळसूत्र तिच्या हातातून घेऊन पाकिटात घातलं आणि पाकीट चिकटवलं. काकीचा अंगठा घेतला. चौकशी होईपर्यंत हे इथंच राहील, असं त्यांनी रूपाला सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात थोडी लाज होती असं मला वाटलं. रूपा रडली नाही. तिला बहुतेक अजून नीट समजलं नव्हतं, कारण तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग परत कवा मिलंल?"

हवालदार कागद जुळवत राहिले. उत्तर बायजाकाकीनं दिलं, अंगठ्याची शाई टेबलाच्या कडेला पुसत.

"गेलेला सोना परत येत न्हाय, पोरी. मना इचार."